दर्शनी भिंत कोणाची?

महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची अक्षरं कशी असावीत हे कायदा सांगतो. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही त्यात आली. नाव मराठीत, देवनागरीत हवं. शेजारी दुसऱ्या भाषेत नाव असेल तर मराठी अक्षर त्याहून लहान चालणार नाही. दारू विकत असाल तर दुकानाला थोर व्यक्तीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येणार नाही. व्यापारी न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं, दोन महिन्यांत पाट्या लावा.

आता पाटीच्या मागे बघा. हिंगोलीत गांधी चौकाच्या आसपास उभे राहा, किंवा वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठल्याही गावाच्या मुख्य रस्त्यावर. पाटीमागे भिंत दिसतच नाही. दिसते ती चकचकीत लाल, निळी नाहीतर लाकडासारखी छापलेली ॲल्युमिनियमची शीट, तिच्या शेजारी हिरवट काच, काचेच्या शेजारी फ्लेक्स, फ्लेक्सच्या मागे पत्रा. अक्षराची उंची मोजणारं सरकार अक्षरामागच्या या सगळ्याबद्दल फारसं काही बोलत नाही. दुकानाचं तोंड दगडाचं हवं, विटेचं हवं की प्लॅस्टिकचं, हा मालकाचा प्रश्न, असं आपण धरून चाललोय.

तो नेहमीच मालकाचा प्रश्न होता असं नाही. बाहेरची भिंत कशाची असावी हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कधी राजाने ठरवलं, कधी आगीच्या भीतीने, कधी गव्हर्नरने. त्यातल्या एका नियमाने रस्त्याने चालणाऱ्या माणसाचा विचार केला होता, आणि त्याच्याकडे मला या लेखात यायचं आहे.

सुरुवात जिल्ह्यातूनच करू. औंढा नागनाथचं मंदिर तुम्ही पाहिलं असेल, निदान शाळेच्या सहलीत तरी. पुढच्या वेळी गेलात तर रांगेत उभं असताना मान वर करून बघा. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोनाकोनांनी मोडत गेलेला, हत्तींच्या आणि मूर्तींच्या थरांनी भरलेला. हा यादवांच्या काळातला. वर मात्र वीट आणि चुन्याचं शिखर, वेगळ्या रंगाचं, वेगळ्या स्वभावाचं. ते नंतरच्या काळात चढवलेलं आहे, हे सांगायला इतिहासतज्ज्ञ लागत नाही. एकाच इमारतीवर दोन काळांची दोन साहित्यं बसलेली आहेत.

खालच्या भागाला आपण सवयीने हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर खपवलेली मंदिरं त्याने एका आयुष्यात बांधली असतील हे शक्यच नाही. पण त्या नावामागे एक पद्धत आहे : घडीव दगड, एकात एक अडकवलेले, सांध्यात चुना नाही. हे काम महाग, वेळखाऊ, आणि साध्या माणसाच्या घरासाठी कोणी करत नसे. दगड देवाचा, माती माणसाची, अशी ती वाटणी होती. मराठवाड्यात माणसाचं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद. गढी असली तरी दगड पायाला आणि बुरुजाला. वर पांढरी मातीच. दगड फोडणारे वडार आणि घडवणारे पाथरवट यांच्या वाट्याला तर तीही भक्कम भिंत क्वचितच आली. वडारांचा मुक्काम पालात असायचा.

ही वाटणी नुसती ऐपतीची नव्हती, हे सांगणारी एक गोष्ट पुण्यात प्रसिद्ध आहे. थोरल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचं काम काढलं. वाडा सगळा दगडी करायचा होता. पाया आणि तळमजला झाला, तेव्हा साताऱ्याला छत्रपती शाहू महाराजांच्या कानावर गेलं की दगडी वाडा हा राजाचा मान आहे, पेशव्याचा नाही. म्हणून पुढचे मजले विटांचे झाले, असं सांगतात. गोष्ट कितपत खरी, यावर वाद घालता येईल. पण ती लोकांना पटली आणि टिकली याचा अर्थ एवढाच, की बाहेरच्या भिंतीचं साहित्य हा हुद्द्याचा मामला आहे, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं. १८२८ मध्ये वाड्याला आग लागली ती बरेच दिवस धुमसत राहिली. लाकूड आणि वीट गेली. आज तिकीट काढून आपण जे बघतो तो दगडाचा तट आणि जोती आहेत, म्हणजे त्या गोष्टीप्रमाणे तक्रार यायच्या आधी जेवढं झालं होतं जवळपास तेवढंच.

गोव्यातही याच जातीची आठवण सांगतात : पोर्तुगिजांच्या काळात पांढरा रंग चर्चचा, घरांनी दुसरा लावायचा. पणजीतल्या फोंतेन्यसच्या निळ्या-पिवळ्या गल्ल्यांत जाऊन आपण रील काढतो त्यामागे हा दंडक आहे, असं तिथले लोक म्हणतात. जयपूरचं गुलाबी तर जगजाहीर आहे. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागताला शहर रंगवलं आणि मग तोच रंग जुन्या शहराच्या बाजारपेठांना कायमचा चिकटला. तिथे दुकानदाराला आजही रंग निवडता येत नाही.

राजाची हौस झाली. दुसरं कारण जास्त गंभीर आहे.

१६६६ मध्ये लंडन जळालं. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला की नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात. बाहेरून लाकूड चालणार नाही. शहराच्या नियमांच्या इतिहासात हा मोठा टप्पा मानतात, आणि इंग्रज जिथे जिथे गेले तिथे ही भीती सोबत घेऊन गेले. मुंबईच्या किल्ल्यात दाटीवाटीने घरं आणि वखारी होत्या. १७ फेब्रुवारी १८०३ ला तिथे आग लागली आणि किल्ल्यातल्या वस्तीचा मोठा भाग राख झाला. तटाबाहेर आज आपण ज्याला जुनी मुंबई म्हणतो त्या बाजारपेठा वाढण्यामागे ही आगही एक कारण आहे.

पुढे १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा आला, जो दुरुस्त होत होत आजही चालू आहे. त्याचं ३४९ वं कलम वाचण्यासारखं आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय इमारतीची बाहेरची भिंत किंवा छप्पर लाकूड, कापड, किंतान, गवत, पानं, चटया अशा पेट घेणाऱ्या वस्तूंचं असता कामा नये, असा त्याचा आशय. यादी नीट बघा. गवत, पानं, चटया. म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. आगीच्या भीतीने केलेला नियम होता आणि भीती खरी होती, पण त्याचा बोजा पडला तो ज्याच्याकडे गवताशिवाय दुसरं काही नव्हतं त्याच्यावर. सव्वाशे वर्षांनी चित्र उलटं झालं आहे. आज पेट घेणारी भिंत गरिबाच्या घराला नसते. ती असते शोरूमला. त्याकडे पुढे येऊ.

हा कायदा हिंगोलीला लागू नव्हता. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, आणि इथली गोष्ट वेगळ्या रस्त्याने जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हिंगोलीत छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या पैशावर चालणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालची फौज. १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि छावणी मोडली. छावणी म्हणजे आखणी : सरळ रेषा, बंगले लांब लांब, बाजार वेगळा. मूळ गाव म्हणजे त्याच्या उलट : गल्ली, बोळ, ढेलज, एकमेकांना टेकलेली माळवदं. फौज गेली तरी कापसाचा बाजार राहिला, आणि रेल्वे आल्यावर नवं साहित्य येऊ लागलं. पत्रा आला. मंगलोरी कौल आलं. शहाबादी फरशी तर निजामाच्याच मुलखातली. ती इतकी पसरली की मराठवाड्यात आजही फरशी म्हटलं की पहिल्यांदा तीच डोळ्यांपुढे येते.

या काळातलं दुकान कसं होतं? ज्यांचे आजोबा बाजारात बसायचे त्यांना विचारा. जमिनीपासून कमरेएवढा ओटा. ओट्यावर गादी. पुढे सागवानी खांब, खांबांवर तुळई, आणि रात्री दुकान बंद करायला खाचेत सरकवायच्या फळ्या, ज्यांच्यावर क्रम चुकू नये म्हणून आकडे टाकलेले. सागवान जवळच होतं, किनवटच्या बाजूच्या जंगलात. भिंतीला चुना, तोही गावातच घाणीत बैलाकडून मळलेला. वर पुढे आलेला पत्रा किंवा सज्जा. गिऱ्हाईक उन्हातून यायचं ते आधी सावलीत उभं राहायचं आणि मग भाव विचारायचं. हे कुठल्याही नियमाने ठरवलेलं नव्हतं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तिथे दुकान असंच बांधायचं असतं, एवढाच त्यामागचा विचार.

त्याच निजामाच्या राजधानीत मात्र दुकानांची तोंडं सरकारने ठरवली. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला. हैदराबाद उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. त्यानंतर मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड, म्हणजे शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. मंडळाने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. चारमिनारच्या उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दुकानांच्या सलग ओळी बांधल्या : घडीव ग्रॅनाइटची दर्शनी बाजू, खाली कमानी, कमानींच्या आत दुकानं, वरती राहायची घरं. एका मालकाने वेगळी भिंत काढायची सोय नाही. हीच पत्थरगट्टी. नावातच दगड आहे. ईदच्या आधी खरेदीला जाणारे हजारो लोक अजूनही त्या कमानींतून चालतात, आणि कमानींवर लटकलेल्या फलकांमुळे दगड दिसत नाही ही तक्रारही तितकीच नेहमीची आहे.

परभणी जिल्ह्यातल्या हिंगोलीपर्यंत हे मंडळ आलं नाही. नाव सिटी इम्प्रूव्हमेंट आणि सिटी एकच, हैदराबाद. मराठवाड्यातल्या बाकी गावांतून कापूस आणि सारा जायचा, आराखडा यायचा नाही. लातूरची गंजगोलाई हा सुखद अपवाद. हैदराबादचे नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आखणीतून मधोमध गोल आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते असा बाजार तिथे उभा राहिला. तिथला व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या एका वर्तुळाचा भाग होता, आणि लातूरकर अजूनही त्याचा अभिमान बाळगतात. हिंगोलीकडे असं काही नाही. १९४८ ला संस्थान गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. प्रत्येक वेळी वरचं सरकार बदललं. रस्त्याच्या कडेला काय असावं हा प्रश्न कोणाच्याच यादीत फार वर नव्हता.

आता मुंबईकडे, त्या एका नियमाकडे.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडायला घेतला. मोकळ्या झालेल्या जागेवर नवे रस्ते आणि इमारती आल्या. त्याच सुमारास टाउन हॉलसमोर एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आखलं गेलं. तिथे भोवतीच्या इमारतींची तोंडं एकसारखी ठेवली, खाली कमानींची पडवी. देखणं काम, पण ते म्हणजे एकाच मापाचा अंगरखा सगळ्यांना शिवल्यासारखं.

तटाच्या जागेवरून गेलेल्या रस्त्यांपैकी एक हॉर्नबी रोड. आजचा दादाभाई नौरोजी रोड. सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे चालत जाता तो. या रस्त्यासाठी १८९६ मध्ये सरकारने नियम केला की इथे जी व्यापारी इमारत होईल तिने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी छताखालची कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. वरची इमारत गॉथिक करा, ग्रीक धर्तीची करा, घुमट चढवा, नका चढवू. तो मालकाचा आणि त्याच्या वास्तुरचनाकाराचा प्रश्न. फक्त खालची पडवी लोकांची.

म्हणूनच तो रस्ता असा दिसतो. एका इमारतीला टोकदार कमान, शेजारची गोल, तिसरीचे खांब चौकोनी. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर, पोरबंदरचा पांढरट, सगळे एका रांगेत भांडत उभे आहेत आणि तरी रांग मोडत नाही, कारण खालची सावली अखंड आहे. जुलैच्या पावसात त्या रस्त्याने चाललेल्या कोणालाही ती पडवी काय चीज आहे हे माहीत असतं. फेरीवाले, जुनी पुस्तकं, मोबाईलची कव्हरं, आडोशाला थांबलेली माणसं, सगळं तिच्यात मावतं. ती चिंचोळी होते, अडते, कुबट होते, हेही खरं. पण सव्वाशे वर्षं एखादा नियम लोकांच्या डोक्यावर छत धरून उभा आहे, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी त्या कमानी फलकांखाली गेल्या होत्या. आपल्याकडच्या बाजारात आज आहे तशीच अवस्था : ज्याचा फलक मोठा त्याचं दुकान मोठं. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली. यादीतल्या इमारतीचं बाहेरचं रूप बदलायचं तर वारसा समितीचं मत घ्यावं लागू लागलं. त्या बळावर, आणि मुख्यतः दुकानदारांना बसवून समजावत, वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या आराखड्याप्रमाणे या रस्त्यावरचे फलक कमानीच्या आत, ठरावीक मापात घेतले गेले. २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे दुकानांचा धंदा फलक लहान केल्याने बुडला नाही. सगळ्यांचे लहान झाले की कोणाचाच लहान राहत नाही.

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या बाजारात याहून कडक बंधनं आहेत. उघड्या काँक्रीटची चौकट सरकारने ठरवून दिलेली, दुकानदाराने तिच्या आत बसायचं. मला तिथे फिरताना शाळेच्या गणवेशाची आठवण येते. शिस्त आहे, पण ती चालणाऱ्याला दिलेली भेट वाटत नाही. आणि तसलं काही हिंगोलीवर लादावं असं मी कधीच म्हणणार नाही.

मग आज हिंगोलीत नेमकं काय लागू आहे? २ डिसेंबर २०२० ला राज्याने एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बांधकाम परवान्यासाठी नगरपालिकेत खेटे घातलेल्या प्रत्येकाला तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव पाठ असतं : यूडीसीपीआर. मुंबई महानगरपालिका आणि काही थंड हवेची, पर्यावरणीय संवेदनशील ठिकाणं अशी मोजकी क्षेत्रं सोडली तर जवळपास सगळ्या राज्याला ती एकच. त्यात एफएसआय आहे, बाजूचं अंतर, उंची, जिन्याची रुंदी, पार्किंग, खिडक्या आहेत. वारसा यादीतल्या इमारतींसाठी वेगळी तरतूद आहे. पण साध्या दुकानाच्या दर्शनी भिंतीला अमुकच साहित्य लावा असं ती म्हणत नाही. वारसा यादी करायची तर आधी स्थानिक पातळीवर कोणाला तरी वाटलं पाहिजे की आपल्या गावात जपण्यासारखं काही आहे. जुन्या पेठेतल्या सागवानी दुकानाला तसं म्हणणारा माणूस सहसा नातू नसतो. नातवाला शटर हवं असतं, आणि त्याचंही काही चुकत नाही. फळ्या रोज काढणं-लावणं त्याला करावं लागतं, मला नाही.

उरतो आगीचा विषय, आणि इथे मला गप्प बसवत नाही.

आपण जिला एसीपी शीट म्हणतो ती तीन-चार मिलिमीटर जाडीची असते. बाहेरून आणि आतून ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, मधे गाभा. स्वस्त शीटमध्ये गाभा पॉलिथिलीनचा, म्हणजे घन इंधनच. महागड्या शीटमध्ये खनिज मिसळलेला, आगीला दाद न देणारा. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकतात. शीट भिंतीला चिकटून नसते. मागे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट असते, त्यामुळे भिंत आणि शीट यांच्यात पोकळी राहते. त्या पोकळीतूनच पाटीच्या दिव्यांच्या आणि एसीच्या वायरी नेतात. खाली ठिणगी पडली तर ती पोकळी धुराड्याचं काम करते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री हेच झालं. चौथ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात लागलेली आग बाहेरच्या शीटवरून चढत गेली आणि ७२ माणसं मेली. ती इमारत जुनी, साध्या काँक्रीटची होती. शीट नंतर लावली होती. आधी जस्ताचा पत्रा ठरला होता, पैसे वाचवायला ॲल्युमिनियमची शीट आली. आणि बाहेरून आवरण चढवण्याच्या अर्जात एक कारण असंही नोंदलेलं होतं, की आजूबाजूच्या परिसरातून इमारत आता बरी दिसेल. १६६७ मध्ये ज्या शहराने बाहेरच्या भिंतीतून लाकूड हद्दपार केलं त्याच शहराने साडेतीनशे वर्षांनी बाहेरून प्लॅस्टिक चढवलं.

आपल्याकडे काचेचा धडा मुंबईने २०१४ मध्ये घेतला. अंधेरीतल्या लोटस बिझनेस पार्क या काचेने मढवलेल्या इमारतीला १८ जुलैला आग लागली. सलग काच असेल तर धूर बाहेर जात नाही आणि शिडी आत जात नाही. अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेच्या दर्शनी भागाबद्दल सविस्तर लिहिलं आहे : प्रत्येक मजल्यावर, दहा मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, किमान एक मीटर बाय एक मीटरची, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं हवीत, आणि ती अडवू नयेत अशी सूचना त्यांच्यावर निदान पंचवीस मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवी. इथेही अक्षरांची उंची ठरलेली आहेच. आता तुमच्या गावातल्या काचेच्या कॉम्प्लेक्ससमोर उभे राहून असं एखादं दार शोधून बघा.

उंच इमारतींवर अग्निशमन विभागाचं लक्ष असतं, पण तालुक्याच्या गावातली इमारत तळ अधिक दोन-तीन मजल्यांची असते. खाली मोबाईलचं दुकान, वर बँक, त्याच्या वर नीट-जेईईचा क्लास, आणि गच्चीवर पत्र्याखाली अभ्यासिका. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा वापराच्या इमारतीच्या मालकाने यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. दाखला सिलिंडर आणि पाइपांचा. भिंतीवरच्या शीटचा गाभा कशाचा आहे हे सहसा कोणी विचारत नाही. सुरतेत २४ मे २०१९ ला अशाच एका व्यापारी संकुलात आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. त्यांनी वरून मारलेल्या उड्यांचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा फोनवर पाहिले असतील. हे वाचणाऱ्यांत कोणी आत्ता अशाच एका गच्चीवर बसलेलं असेल.

तर हिंगोलीसारख्या गावाने काय मागावं? दगडच लावा, लाकूडच लावा, अमुक रंगच द्या, असा नियम इथे चालणार नाही आणि चालूही नये. दगडाची सक्ती केली तर दोन सेंटिमीटरचा पातळ दगड काँक्रीटवर चिकटवून देतील, आणि ते शीटहून फार वेगळं नाही. पण दोन गोष्टी नगरपालिकेला मागता येतील. पहिली : व्यापारी इमारतीच्या बाहेर शीट लावायची तर तिचा गाभा पेट न घेणारा हवा, विक्रेत्याचं बिल परवान्याच्या कागदाला जोडा, आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या तिने झाकू नका. १८८८ च्या कलमात गवत आणि चटया होत्या. त्या यादीत एक शब्द वाढवायचा आहे. दुसरी : मुख्य रस्त्यावर नवी इमारत होईल तेव्हा तळमजल्यावर सहा फुटांची सावली लोकांसाठी सोडा. वर काहीही करा. त्या बदल्यात थोडा एफएसआय द्यावा लागला तर द्यावा. बाकी गोष्टींसाठी देतोच की.

दुसऱ्या मागणीवर व्यापारी हसतील, हे मला माहीत आहे. रस्त्याकडची सहा फूट जागा म्हणजे दुकानातली सगळ्यात महाग जागा. हॉर्नबी रोडवरच्या मालकांनाही हा हिशोब येत होता. पण दुपारी एक ते चार हिंगोलीच्या बाजारात एप्रिल-मेमध्ये काय अवस्था असते ते त्याच व्यापाऱ्यांना विचारा. रस्ता रिकामा असतो. काचेच्या आत एसी चालू, बाहेर शीट तापून हात लावता येत नाही, आणि गिऱ्हाईक घरी बसून फोनवर ऑर्डर टाकत असतं. ओट्यावरच्या सावलीत थांबणारं गिऱ्हाईक आपणच उठवून दिलं.

त्या जुन्या ओट्यांचं आणि खांबांचं काय होतं, हेही सांगून टाकतो. वाडा किंवा जुनं दुकान पाडायला निघालं की जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. कोरीव खांब, दांड्या, चौकटी, आकडे टाकलेल्या फळ्या, सगळं टेम्पोत भरून जातं. घासूनपुसून, पॉलिश करून ते पुण्या-मुंबईतल्या हॉटेलांत आणि कॅफेंत लागतं. फळीचं टेबल होतं. तिच्यावर कोरलेला सात किंवा नऊचा आकडा मुद्दाम तसाच ठेवतात, कारण त्यामुळे किंमत वाढते.